पोस्टडॉकसाठी परदेशी जाताना कोणता व्हिसा घ्यावा आणि तयारी कधीपासून करावी?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीतल्या एका संस्थेकडून दोन वर्षांच्या पोस्टडॉकचं (म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधन-कामाचं) पत्र आलं आहे, अमेरिका आणि ब्रिटनकडून उत्तर यायचं आहे, आणि सोबत नवरा व लहान मुलगी येणार आहेत. कोणीतरी तुम्हाला सुचवलंय, ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, पुढचं तिथे गेल्यावर बघा.’

हा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना सामायिक असलेला, अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. त्यावर पोस्टडॉकची नोकरी सुरू करता येत नाही, आणि तिथे पोचून तो संशोधनाच्या परवान्यात बदलून घ्यायला गेलात तर बहुधा परत फिरून दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसासाठी नव्याने अर्ज करायला सांगतील. कुटुंब सोबत असताना ही धावपळ कशाला ओढवून घ्यायची?

मी स्वतः संशोधक म्हणून परदेशी गेले आणि आता नव्याने येणाऱ्या संशोधकांना कागदपत्रांत मदत करते. माझं ठाम मत आहे की व्हिसा मिळेल की नाही याची काळजी लोक फार करतात आणि व्हिसाचा प्रकार कोणता याची फार कमी. नवऱ्याला काम करता येईल का, करार संपल्यावर किती दिवस राहता येईल, पुढे दुसरी नोकरी घेता येईल का, हे सगळं त्या प्रकारावर ठरतं.

आधी जर्मनी, कारण ते पत्र हातात आहे. युरोपीय संघाचा संशोधकांसाठीचा २०१६ चा एक निर्देश आहे (क्रमांक २०१६/८०१), जो डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून सगळ्या सदस्य देशांना लागू आहे. त्याचा कणा म्हणजे होस्टिंग ॲग्रीमेंट: संस्था आणि संशोधक यांच्यातला करार, ज्यात प्रकल्पाचा विषय, कालावधी, पगार किंवा फेलोशिप आणि कामाच्या अटी लिहिलेल्या असतात. यावर मिळणारा परवाना खरोखर चांगला आहे. दुसऱ्या सदस्य देशातल्या प्रयोगशाळेत ३६० दिवसांत १८० दिवसांपर्यंत काम करता येतं, प्रकल्प संपल्यावर नोकरी शोधायला किमान ९ महिने मिळतात, कुटुंब सोबत येऊ शकतं आणि जोडीदाराला कामही करता येतं. पीएचडी झालेलीच हवी असंही नाही. पीएचडीला प्रवेश मिळेल एवढी पदवी असली तरी या निर्देशात तुम्ही संशोधकच.

इथे एक गोष्ट संस्थेला आजच विचारा: तुम्हाला मिळणार तो पगार आहे की स्टायपेंड (नोकरीच्या कराराशिवाय मिळणारी फेलोशिपची रक्कम)? रीतसर नोकरीचा करार असेल आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर जर्मनीत ब्लू कार्डचाही, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीच्या परवान्याचाही, पर्याय उघडतो. त्यावर २७ महिन्यांत, आणि जर्मन भाषा बी१ (मध्यम) पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांतच कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. संशोधकाच्या परवान्यावर तीन वर्षं लागतात. तुमचा करार दोन वर्षांचा असल्यामुळे २१ महिन्यांचा हिशेब बरोबर आत बसतो. उलट नुसता स्टायपेंड असेल तर ब्लू कार्डचा विचार सोडा आणि होस्टिंग ॲग्रीमेंटच मागा. काही संस्थांची कार्यालयं सवयीने फक्त निमंत्रणपत्र पाठवतात. ते पुरत नाही.

करार आला की सह्या करण्याआधी शांतपणे बसून तारखा आणि नाव ताडून बघा. एका संशोधकाच्या करारावर सुरुवात १ सप्टेंबर होती, फेलोशिपच्या पत्रावर १५ सप्टेंबर, आणि विमा १ ऑक्टोबरपासून. तिन्ही कागद आपापल्या जागी खरे होते, पण वकिलातीने खुलासा मागितला आणि संस्थेकडून नवं पत्र येईपर्यंत फाइल तशीच पडून राहिली. नावाचंही तेच. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर करार, पदवी आणि विवाह प्रमाणपत्र यांवर ते कसं लिहिलंय हे अक्षरन् अक्षर बघा.

अमेरिकेचं उत्तर आलं तर बहुधा जे-१ हा देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा पुढे करतील. त्यासाठी संस्था डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देते, त्याशिवाय अर्जच होत नाही. रिसर्च स्कॉलर म्हणून कमाल पाच वर्षं राहता येतं, पण तो कार्यक्रम संपवून निघालात की त्याच प्रकारात परतायला २४ महिने थांबावं लागतं. त्याहून मोठी अट म्हणजे काहींना लागू होणारी, मायदेशी दोन वर्षं राहण्याची. सरकारी पैशातून फेलोशिप असेल किंवा तुमचा देश आणि विषय अमेरिकी सरकारच्या यादीत असेल तर ती लागते, आणि ती पूर्ण होईपर्यंत किंवा माफ होईपर्यंत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड (कायम वास्तव्य) मिळत नाही. ही यादी डिसेंबर २०२४ मध्ये बदलली आहे, त्यामुळे जुन्या लोकांच्या अनुभवावर विसंबू नका. नवऱ्याला जे-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर कामाची परवानगी मिळू शकते, पण वेगळा अर्ज करून, तिथे पोचल्यावर.

ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त फेलोशिप असेल तर ग्लोबल टॅलेंट व्हिसा बघा. तो एका मालकाला बांधलेला नसतो. मात्र सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो: फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तुम्हा तिघांचे दोन वर्षांचे साधारण ५,७०० पौंड झाले. कोणी भरायचे, हे होकार देण्याआधीच संस्थेशी बोला. स्किल्ड वर्कर व्हिसा (मालकाने प्रायोजित केलेला नोकरीचा व्हिसा) असेल आणि विषय संवेदनशील विज्ञान-तंत्रज्ञानाचा असेल, तर काही देशांचे अपवाद वगळता आधी एटास ही सुरक्षा मंजुरी लागते. तिचा वेळ वेगळा धरा.

वेळेचं म्हणाल तर करार सुरू होण्याच्या निदान पाच-सहा महिने आधी हलायला लागा. पासपोर्ट मधेच संपत असेल तर आधी तो नवा करा, कारण परवाना सहसा पासपोर्टच्या मुदतीपुढे देत नाहीत. विवाह आणि जन्माचे दाखले कोणत्या स्वरूपात चालतात हे त्या वकिलातीच्याच यादीत बघा. अपॉस्टील, म्हणजे परदेशात चालावा म्हणून दाखल्यावर मिळणारा सरकारी शिक्का, प्रत्येक ठिकाणी पुरतोच असं नाही.

विमानतळावर घाबरण्यासारखं काही नसतं, पण व्हिसा असला तरी प्रवेशाचा निर्णय तिथला अधिकारी घेतो, हे लक्षात असू द्या. करार, विम्याचं पत्र, राहण्याचा पत्ता आणि संस्थेतल्या माणसाचा फोन नंबर हातातल्या बॅगेत, कागदावर छापलेला ठेवा. प्रयोगाचे नमुने सामानातून मुळीच नेऊ नका. त्यांची परवानगी स्वतंत्र असते, ते संस्थेमार्फत पाठवा. अमेरिकेत जे-१ वर कार्यक्रम सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी आत येता येत नाही, तेव्हा तिकीट त्या हिशेबाने काढा, आणि उतरल्यावर आय-९४ ही तुमच्या प्रवेशाची नोंद ऑनलाइन तपासून घ्या.

जर्मनीत घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, आणि सगळेच मालक ते देत नाहीत, विशेषतः थोड्या दिवसांच्या खोल्यांत. नोंदणी अडली की कर क्रमांक आणि पुढचा परवाना हेही लांबतात. म्हणून संस्थेच्या अतिथीगृहात जागा मिळते का आणि तिथे नोंदणी करता येते का, हे दोन्ही प्रश्न पगार-स्टायपेंडच्या प्रश्नासोबत त्याच ईमेलमध्ये घालून पाठवा.