टकरसॉफ्टचा गेम माळ्यावरच्या स्पेक्ट्रमवर

प्रश्न : नेटफ्लिक्सवरच्या ‘ब्लॅक मिरर’ मालिकेतली टकरसॉफ्ट ही गेम कंपनी खरी होती का? मालक ठाकूर म्हणजे आपल्याकडचा कोणी?
– राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कंपनी कल्पित आणि मोहन ठाकूर हेही पात्रच. ते काम असीम चौधरी या ब्रिटिश नटाने केलंय. मालिकेतला ‘बँडरस्नॅच’ हा चित्रपट आणि त्यातला गेम यांचं नाव मात्र लेखकाने हवेतून काढलेलं नाही. लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअर या खऱ्या कंपनीने त्याच नावाच्या गेमची जोरदार जाहिरात केली होती. गेम बाजारात यायच्या आधीच, 1984 मध्ये, कंपनी बुडाली. चित्रपटाची कथाही 1984 मध्येच घडते, तो योगायोग नव्हे.

प्रश्न : वडिलांचा 48के स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक माळ्यावर सापडला. टकरसॉफ्टचा ‘नोझडाइव्ह’ हा गेम त्यावर चालेल का? टेपरेकॉर्डर नाही.
– मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : चालेल, कारण हा गेम खरोखरच स्पेक्ट्रमसाठी लिहिलेला आहे. 2018 च्या डिसेंबरअखेर ‘बँडरस्नॅच’ आला तेव्हा नेटफ्लिक्सने टकरसॉफ्टच्या नावाने लुटुपुटूची वेबसाइट काढली आणि मॅट वेस्टकॉट यांनी केलेला हा गेम तिथे ठेवला. तुम्हाला त्याची टॅप फाइल, म्हणजे कॅसेटवरच्या गेमची संगणकी प्रत, लागेल.

घाईने प्लग लावू नका. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट डीसी आणि किमान 1.4 अँपिअर लागतात, पण पिनेचा मधला भाग ऋण असतो. दुकानातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे, मध्ये धन असलेले. ‘9 व्होल्ट’ एवढंच वाचून लावलात तर मशीन जाईल, म्हणून आधी मल्टिमीटर धरा. मूळ अडॅप्टर असेल आणि मशीन न जोडता त्यावर 12–13 व्होल्ट दिसले, तर तो बिघडलाय असं समजू नका. भार आला की व्होल्टेज खाली येतं. झाकण उघडायचंच असेल तर हळू. कीबोर्डच्या पातळ पट्ट्या इतक्या वर्षांत कडक झालेल्या असतात आणि ओढल्या की तुटतात. टीव्ही अ‍ॅनालॉग ट्यूनरचा हवा, यूएचएफ चॅनल 36 च्या आसपास शोधा.

स्पेक्ट्रम गेम कॅसेटवरच्या आवाजातून वाचतो; टेपरेकॉर्डरचं ते काम फोन करतो. टॅप फाइलची वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेली आवाजाची फाइल, करून घ्या. एमपी3 नको, आकार दाबताना आवाजातल्या पल्सच्या (ठोक्यांच्या) कडा बोथट होतात. तारेच्या एका टोकाला स्टिरिओ पिन, दुसऱ्याला मोनो. मोनोला फक्त डावा चॅनल जोडून घ्या, रेडिओ दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देईल. हे टोक ‘इअर’ सॉकेटमध्ये. ब्लूटूथचा नाद सोडा. फोन फ्लाइट मोडवर, इक्वलायझर बंद, आवाज साधारण तीन चतुर्थांश.

आता जे दाबा (लोड उमटेल), मग सिंबल शिफ्ट धरून पी दोनदा, मग एंटर, आणि फाइल सुरू करा. कडेला आधी लाल-निळसर रुंद पट्टे, नंतर निळे-पिवळे बारीक पट्टे धावले की गाडी रुळावर आहे. पहिले पट्टेच नाहीत? आवाज वाढवा. पट्टे येऊन शेवटी ‘टेप लोडिंग एरर’ आली तर थोडा कमी करून पुन्हा. प्रत्येक ब्लॉकच्या (माहितीच्या तुकड्याच्या) शेवटी एक तपासणी बाइट असतो. मध्ये एकच बिट चुकला तरी ताळा जुळत नाही आणि मशीन सगळा ब्लॉक नाकारतं. तेवढं बिघडायला व्हॉट्सअ‍ॅपचा एक ‘टिंग’ पुरतो.

प्रश्न : ‘बँडरस्नॅच’ पाहायचाय, नेटफ्लिक्सवर सापडत नाही.
– रंकाळा परिसर, कोल्हापूर

उत्तर : मे 2025 मध्ये काढून टाकला. मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ‘प्लेथिंग’ या भागात टकरसॉफ्ट पुन्हा आहे, ठाकूरही आहेत. त्यातला ‘थ्रॉन्गलेट्स’ हा गेम नेटफ्लिक्सने मोबाइलसाठी आणला. त्याला ना अडॅप्टर लागतो ना तार.