टीमचं सगळं काम माझ्याच गळ्यात पडतं, बोलू की गप्प बसू?

"मॅडम चौघांची टीम आहे पण रात्री दोन वाजता जागी मी एकटीच, ग्रुपवर टाकलं की सगळे अंगठा दाखवतात आणि गायब होतात, बोलले तर भांडण होईल आणि नाही बोलले तर पीपीटी माझ्याच गळ्यात, काय करू?"

केस स्टडी कॉम्पिटिशनचा सीझन आला की बीबीए-एमबीएच्या मुलामुलींकडून हा प्रश्न येतोच येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, बाकी तक्रार तीच. म्हणून एका मुलीचा किस्सा सविस्तर लिहिते. त्या मुलीची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि नाव देत नाही. टीमची कॅप्टन होती म्हणून इथे कॅप्टनच म्हणू. भाग मात्र कोल्हापूरचाच ठेवलाय, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एमबीएचं पहिलं वर्ष. टीममध्ये ती, तिची रूममेट, एक एक्सेलमध्ये हुशार मुलगा आणि एक डिझाइन छान करणारा. स्पर्धेत सोडवायला दिलेली केस होती शाम्पूची. गावाकडची घरं एक-दोन रुपयांची पुडी घेतात, त्यांनी मोठी बाटली घ्यावी म्हणून कंपनीने काय करावं, पाच स्लाइडमध्ये सांगा. पहिली फेरी ऑनलाइन डेकची, म्हणजे स्लाइडचा संच पाठवायचा, त्यातून शॉर्टलिस्ट, मग व्हिडिओ कॉलवर जजसमोर मांडणी आणि प्रश्नोत्तरं, आणि शेवटी फायनल. हिंदुस्तान युनिलिव्हरची लाइम, लोरियालची ब्रँडस्टॉर्म असल्या मोठ्या स्पर्धांचे व्हिडिओ बघून बघून कॅप्टनच्या डोक्यात बसलं होतं की आपलं डेक पण तसंच चकाचक दिसलं पाहिजे, आणि तिथूनच सगळं सुरू झालं असं मला वाटतं.

पहिल्या भेटीत तिने आधी फोन पुढे केला. ग्रुप चॅट. तिचा मेसेज, "गाइज उद्यापर्यंत कंझ्युमर इनसाइट्स पाठवा प्लीज" (म्हणजे गिऱ्हाईक असं का वागतं ते), खाली तीन अंगठे, आणि मग दुसऱ्या दिवशी परत तिचाच मेसेज. "बघा ना मॅडम, कुणाला काही पडलंच नाहीये." डोळ्यात पाणी होतं, झोप नीट नव्हती, जेवणाचं टायमिंग बिघडलं होतं. हे मी हलक्यात घेत नाही. कुणाची झोप-भूक दोन आठवड्यांच्या वर बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल तर स्पर्धा बाजूला ठेवा आणि आधी बोला कुणाशी तरी. सरकारच्या टेली मानसचा नंबर १४४१६ आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

तिचं तेवढं झालं नव्हतं. म्हणून मी तिला म्हटलं, चॅट पाहिलं, आता ती स्लाइडची फाइल उघड आणि कुणी काय कधी बदललं ती व्हर्जन हिस्टरी दाखव. तिला वाटलं मी बाकीच्यांची चोरी पकडणार. पण तिथे वेगळंच दिसलं. रूममेटने रात्री नऊच्या सुमाराला दुसऱ्या स्लाइडवर चार ओळी टाकल्या होत्या, मराठी-इंग्लिश मिक्स, त्यातली एक अशी: "दुकानदार म्हणतो मोठी बाटली दिली की उधारी पण मोठी होते". पावणेदोनला त्या चारही ओळी गायब आणि त्या जागी कॅप्टनच्या हातचं, "रूरल सेगमेंटमध्ये ब्रँड अवेअरनेस लो", म्हणजे गावाकडे ब्रँड फारसा माहीत नाही, खाली स्वॉटचा (ताकद, उणिवा, संधी, धोके) चौकोन.

मी विचारलं, "ही उधारीची ओळ कुठं गेली गं?"

"ती प्रोफेशनल वाटत नव्हती मॅडम."

"तिला सांगितलंस काढतेय म्हणून?"

"नाही... तिला वाईट वाटलं असतं ना."

त्या रात्रीनंतर रूममेटचं फाइलमध्ये एकही अक्षर नव्हतं. एक्सेलवाल्याचं पण तसंच, त्याने एक टेबल टाकलं होतं, तिने फॉन्ट बदलला, मग कॉलम बदलले, मग टेबलच नवीन केलं. तोही थांबला. हे तिला दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता इथे थोडं शास्त्र सांगते कारण यात कुणी वाईट नसतं हे मुलांना पटायला त्याची मदत होते. माक्स रिंगेलमान नावाचे फ्रेंच कृषी अभियंता होते, त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून मोजलं की एकटा माणूस किती जोर लावतो आणि गटात किती. १९१३ साली ते छापून आलं. आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याच्या निम्म्यावर येतो. या घटीतला काही भाग एकत्र नीट न ओढल्याचा असतो, पण सगळा नाही. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच तपासलं, लोकांना नुसतं वाटलं की आपल्यासोबत अजून पाच जण ओरडताहेत तरी त्यांचा आवाज कमी झाला. याला सोशल लोफिंग म्हणतात. पण दोनच वर्षांनी त्याच लोकांनी दाखवलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे माहीत असलं की ही ढिलाई जवळपास निघून जाते. म्हणजे माणूस आळशी असतोच असं नाही, त्याचा वाटा कुणाला दिसत नाही आणि तो असला-नसला तरी फरक पडत नाही असं त्याला वाटायला लागतं, मग हात आपोआप सैल पडतो.

याची दुसरी बाजू पण आहे आणि ती कॅप्टनला जास्त लागू होती. काम महत्त्वाचं वाटतंय आणि साथीदारांचा भरवसा वाटत नाहीये, तर माणूस गटात एकट्यापेक्षा जास्त राबतो. विल्यम्स आणि कराऊ यांनी १९९१ मध्ये हे मांडलंय, सोशल कॉम्पेन्सेशन म्हणतात. ती राबत होती म्हणून बाकीचे सैल पडत होते आणि ते सैल पडले म्हणून ती अजून राबत होती. यात कोण आधी हे शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं, कारण आता ती सगळा दोष स्वतःवर घ्यायला निघाली होती.

मग आम्ही ठरवलं काय. पहिलं म्हणजे रूममेटशी समोरासमोर बोलायचं, ग्रुपवर नाही. कॅप्टन आधी म्हणाली, "मी सांगते तुम्ही लोक काहीच करत नाही." मी म्हटलं, असं म्हणालीस की ती स्वतःची तीन कामं मोजून दाखवणार आणि भांडण तिथेच. त्यापेक्षा जे झालं तेवढंच सांग, तुझ्या चार ओळी मी न विचारता काढल्या, उधारीची ओळ मला परत पाहिजे, ती स्लाइड तू पूर्ण करशील का? हे वाक्य आम्ही खुर्च्या बदलून बदलून बोलून पाहिलं, मी रूममेट झाले, ती कॅप्टन. दुसरं, प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात एकाचंच नाव. दुसऱ्याने कॉमेंट टाकायची, खोडायचं नाही. तिसरं, ज्याची स्लाइड त्यानेच सरावात प्रश्नांची उत्तरं द्यायची. हे तर करावंच लागतं, कारण जज कुणालाही काहीही विचारू शकतात आणि एकटीने बनवलेलं डेक तिथे बरोबर उघडं पडतं.

शनिवारी रूममेट कागलजवळ तिच्या मामांच्या दुकानात जाऊन बसली. वहीत लिहून आणलं तिने, मी ती वही पाहिलीय. वर पुड्यांच्या माळा, मागे धूळ बसलेल्या बाटल्या. मिलीमागे हिशोब केला तर पुडीच स्वस्त पडत होती, आणि आपल्याकडे शाम्पूत बऱ्याचदा असंच असतं. म्हणजे बाई पुडी घेते ते तिला ब्रँड माहीत नाही म्हणून नाही, तिचा हिशोब चोख आहे म्हणून. शिवाय बाटली न्हाणीत ठेवली की पोरं भसाभस ओततात, पुडी एकाला एक. आणि मामांची उधारी. हे सगळं कळल्यावर "ब्रँड अवेअरनेस लो" ही स्लाइड उभी राहूच शकत नव्हती. १९८३ मध्ये आलेल्या चिक शाम्पूने पुडीच्या जोरावर दक्षिणेत बाजार कसा धरला तेही तिनेच शोधून त्याच स्लाइडवर टाकलं. मग एक्सेलवाल्याला हुरूप आला, त्याने दुकानदाराला पुडीत किती पैसे सुटतात आणि बाटलीत किती ते मांडलं, आणि टीमचं उत्तरच बदललं: मोठ्या बाटलीच्या मागे न लागता आठवडी बाजाराच्या दिवशी परवडेल असा छोटा, झाकण असलेला पॅक आणा, आणि दुकानदाराला तो विकायला मार्जिन द्या.

डिझाइनवाल्याचं मात्र काही बदललं नाही. त्याला विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं की मला सर्टिफिकेटसाठी नाव पाहिजे होतं, संध्याकाळी मी पार्टटाइम काम करतो, शेवटचे दोन दिवस फॉरमॅटिंग करून देईन. आणि तेवढं त्याने दिलंही. कॅप्टनला राग आला, येणारच, पण रजिस्ट्रेशननंतर मेंबर बदलायला बऱ्याच स्पर्धांत परवानगी नसते, आणि जो किती देणार हे तोंडाने सांगतो त्याच्याभोवती प्लॅन करता येतो. गप्प बसणाऱ्याभोवती नाही करता येत.

ते शॉर्टलिस्ट झाले. व्हिडिओ कॉलवर जजने विचारलं की दुकानदार तुमचा पॅक का ठेवेल, आणि उत्तर रूममेटने दिलं, इंग्लिश सुरू केलं, मध्येच हिंदीवर आली, पण मामांच्या दुकानातले आकडे धडाधड सांगितले. फायनलला नाही पोचले. कॅप्टन दोन दिवस नाराज होती, मग एक महिन्याने परत आली ती वेगळाच प्रश्न घेऊन, दुसरी स्पर्धा लागलीय, रूममेट आणि एक्सेलवाला तयार आहेत, डिझाइनवाल्याला घ्यायचं का? मी म्हटलं ते त्यालाच विचार, आठवड्यातून किती तास देणार हे आकड्यात विचार, आणि रजिस्ट्रेशन करायच्या आधी विचार.