त्या चार ओळींवर सही करण्याआधी हे वाच

तू लिहिलंयस की डुअल सॉर्टीत, म्हणजे इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच्या उड्डाणात, उतरताना सेसना विमान तीनदा उसळलं, नोजव्हील (पुढचं चाक) मोडलं, प्रोपेलर रनवेला घासला आणि आता फ्लाइंग स्कूलवाले एका टाइप केलेल्या कागदावर सही मागतायत. करू की नको, असा तुझा प्रश्न. वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. माझंही हुबेहूब हेच झालं होतं. मी नाशिकरोडचा, स्कूल दुसऱ्या जिल्ह्यात. नाव लिहिणार नाही.

बाउन्स, म्हणजे ती उसळी, का झाला ते तुला कळलंच असेल. जास्त स्पीडने आलीस, विमान तरंगत राहिलं, घाईने नाक खाली दाबलंस. पहिल्याच उसळीला फुल थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं, हे ब्रीफिंगमध्ये सगळ्यांना पाठ असतं. खरी वेळ येते तेव्हा डोकं विमानाच्या दोन सेकंद मागे असतं. माझ्या वेळी दुसऱ्या उसळीनंतर योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) माझे आणि इन्स्ट्रक्टर सरांचे, दोघांचे हात होते. कोण ओढत होतं, कोण ढकलत होतं, आजही सांगता येणार नाही. पण 'आय हॅव कंट्रोल', म्हणजे विमान आता माझ्या हातात, हे शब्द सरांनी उच्चारले नाहीत, हे पक्कं आठवतं.

आणि नेमकं हेच मी कुठे लिहून ठेवलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात कागद पुढे आला. इंग्रजीत चार ओळी. "फॉर्मॅलिटी आहे रे, उद्यापासून फ्लाइंग चालू." चौथ्या ओळीत होतं की सांगूनही विद्यार्थ्याने कंट्रोल सोडला नाही. हात थरथरत होते, मी वाचलंच नाही. सही केली, झेरॉक्ससुद्धा मागितली नाही. 'उद्यापासून' म्हणजे सात महिने. प्रोप स्ट्राइक झाला, म्हणजे प्रोपेलर असा घासला, की इंजिन उघडून तपासावं लागतं, ते बिल माझ्या गळ्यात घालायला तीच चौथी ओळ पुढे केली. स्कूल बदलावं म्हटलं तर ट्रेनिंग फाइल मिळेना. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, गेलो की साहेब नुकतेच निघाले. पैसे भरताना मात्र हेच साहेब रविवारीही हजर! सीपीएलचे (कमर्शियल पायलट लायसन्सचे) २०० तास अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांतले लागतात, त्यामुळे इकडे माझे सुरुवातीचे तास शिळे होत चालले होते.

बाबा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमान कारखान्यात, इन्स्पेक्शनला होते. त्यांना महिनाभराने सांगितलं. विमान मोडल्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. "न वाचता सही केलीस?" एवढंच विचारलं आणि उठून गॅलरीत गेले.

मी वकील नाही, इन्स्ट्रक्टर तर नाहीच, तेव्हा हे फक्त माझं मत. तो कागद सही न करता घरी आण. देत नसतील तर त्यातच सगळं आलं. आज रात्रीच आपल्या शब्दांत लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल: वारा, स्पीड, फ्लॅप्स, कोण काय बोललं, कोण काय बोललं नाही. आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असंच लिही. बॅचमेट्सशी चर्चा नंतर, नाहीतर त्यांची आठवण तुझी होऊन बसते. लॉगबुकच्या सगळ्या पानांचे फोटो काढ. ही नोंद डुअलचीच राहिली पाहिजे. त्या विमानाची पीआयसी (पायलट-इन-कमांड, जबाबदार वैमानिक) तू नव्हतीस.

एएआयबीकडून (विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी ब्युरोकडून) कोणी विचारलं तर घाबरू नकोस. २०१७ च्या नियमांनुसार त्यांच्या चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष कुणाच्या माथी मारणं हा नाही. तिथे स्वतःची चूकही सरळ सांग. ऑफिसातला कागद वेगळा, तो कशासाठी लिहिलाय हे मी अनुभवाने सांगतोय.

सही आधीच झाली असेल तर दुसरं निवेदन लिही, तारीख आजचीच टाक, मागची टाकायचा मोह नको. पोच घे. शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव.

आणि पाठीचं काय? माझी तिसऱ्या दिवशी धरली होती. एक्स-रे काढून ये आधी.