काळा पेंढा आणि डोळे चुरचुरणारा गोठा

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही दोघं मुंबई सोडून राजापूर तालुक्यातल्या गावी आलो. दोन गाई, एक पाडी. गोठ्याची जमीन मातीची. खाली पेंढा पसरतो, पण दोन दिवसांत चिखल होतो आणि वासाने डोळे चुरचुरतात. शिवाय माळ्यावर दोन वर्षांचा काळा पडलेला पेंढा आहे. शेजारी म्हणतात, जाळून टाका. माडांच्या बुंध्याशी टाकला तर?

उत्तर : जाळू नका, माडाशीही नेऊ नका. डोळे चुरचुरतात ना, ते तुमचं खत उडून चाललंय. मुतातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं आणि आपण मग युरियाची गोणी आणायला धावतो.

माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी गाईंच्या मागच्या पायांखाली दोन घमेली सुकी लाल माती टाकायच्या. पंधरा दिवसांनी ती चार बोटं खरवडून गायरीत, म्हणजे शेणखत कुजवायच्या जागी. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यात गुरांखालची ही मूत भिनलेली माती मुद्दाम वापरलेली आहे. सासूबाईंना इंदूर कुठल्या दिशेला तेही ठाऊक नव्हतं.

तुम्हीही तेच करा. सकाळी शेण टोपलीत भरलं की दाताळ्याने फक्त भिजलेला पेंढा ओढून काढा, कोरडा तिथेच राहू द्या. सगळा रोज बदलायला गेलात तर होळीच्या आत पेंढ्याची उडवी संपेल. जमिनीला मागच्या बाजूला दहा फुटांत दोन-अडीच इंच उतार हवा. गाय ओल्यात बसली की कासदाहाला, म्हणजे कास सुजण्याला आमंत्रण, आणि तो खर्च पेंढ्याहून मोठा.

काळा पेंढा गुरांना घालू नका, अंथरूही नका. त्यावर बुरशी आहे. माळ्यावरून खाली ओढण्याआधी पाणी शिंपडा आणि नाकातोंडाला फडकं बांधा. मी एकदा तसाच झटकला आणि आठवडाभर खोकत होते. मग हाच पेंढा, मोठा शहाणपणा केल्यासारखा, वांग्यांच्या वाफ्यात पुरला. वांगी पिवळी पडली! सुका पेंढा मातीत गेला की कुजवणारे जंतू आधी जमिनीतलं नत्र स्वतः खातात, झाडाला उरत नाही. पेंढ्यात एक भाग नत्रामागे साधारण ऐंशी भाग कर्ब असतो, शेणात वीसच्या आसपास. कुजायला तीस बरा. म्हणून गायरीत वीतभर पेंढा, त्यावर शेणकाला, त्यावर ती मूतमाती, असे थर. मूठ आवळली तर बोटं ओली व्हावीत, पण पाणी ठिबकू नये. महिन्या-दीड महिन्याने उलथा. पावसात वर माडाची विणलेली झापं घाला, नाहीतर सगळा कस वाहून पऱ्ह्यात, ओढ्यात.

आता माड. अर्धवट कुजलेल्या शेणा-पेंढ्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मोठा झाला की माडाचा कोवळा कोंब पोखरतो. बुंध्याशी ढीग केलात तर त्याला घर आणि जेवण एकाच अंगणात. गायरी माडांपासून लांब ठेवा. उलथताना कमानीसारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या जाड पांढऱ्या अळ्या दिसतील, त्या वेचून कोंबड्यांपुढे टाका. आमच्या कोंबड्यांना आता फावड्याचा आवाज ओळखू येतो. खत काळं, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं झालं की मग खुशाल माडाच्या आळ्यात घाला.

प्रश्न : वास जाण्यासाठी गोठ्यात चुना मारावा का?

उत्तर : शेणमूत असताना मुळीच नाही, अमोनिया आणखी उसळतो. सगळं खरवडून, जमीन सुकवून मग मारा आणि गुरं दुसऱ्या दिवशी आत घ्या.