रेकॉर्डिंगवर सिंथ टाकला की गिचमिड का होते?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या फोंड्याजवळच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) जुलैतल्या एका रात्री पाऊस आणि बेडूक रेकॉर्ड केले, त्यावर सिंथचा (सिंथेसायझरचा) भरघोस पॅड, म्हणजे लांब टिकणाऱ्या सुरांचा थर, टाकला आणि सगळी गिचमिड झाली, तर आता कुठलं प्लगइन घ्यावं? माझं म्हणणं, काहीच घेऊ नका. तुमची अडचण मिक्सिंगच्या आधीची आहे. पॅड तुम्ही घरी बसून वेगळा रचलात आणि मग रेकॉर्डिंगवर आणून ठेवलात. आधी रेकॉर्डिंग ऐकायला हवं, निदान चार-पाच वेळा, सिंथला हात न लावता.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. गेली बारा वर्षं पावसाळ्यात हेच करतोय, आणि सर्वांत जास्त शिकलो ते स्पेक्ट्रोग्रामवरून, म्हणजे कुठल्या उंचीचा आवाज कधी येतो ते दाखवणाऱ्या चित्रावरून. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात ट्रॅकच्या मेन्यूतून स्पेक्ट्रोग्राम चालू करा. आमच्या कुळागरातल्या एका रात्रीचं चित्र सांगतो. ४७०० हर्ट्झच्या आसपास रातकिड्यांचा सलग, चकचकीत पट्टा. त्याखाली एक ते तीन हजारांच्या मध्ये बेडकांचे तुटक ठिपके. तळाशी पाटाच्या पाण्याची धूसर गादी. आणि यांच्या मधे मोकळ्या फटी, अगदी स्पष्ट दिसणाऱ्या.

त्या फटी का असतात, हे निसर्गातले आवाज मुद्रित करणारे अभ्यासक बर्नी क्रॉज यांनी मांडलंय. धडधाकट जंगलात प्रत्येक जीव आपली पट्टी आणि आपली वेळ धरून बोलतो, कारण दुसऱ्याच्या आवाजाखाली दबला तर जोडीदाराला तो ऐकूच जाणार नाही. हा माणूस मुळात सिंथवाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पॉल बीव्हर यांच्याबरोबर १९७० मध्ये त्यांनी ‘इन अ वाइल्ड सँक्च्युअरी’ हा अल्बम काढला, त्यात ‘मूग’ नावाचा सिंथ आणि बाहेर जाऊन मुद्रित केलेले आवाज एकत्र आहेत. पुढे ते पूर्णपणे रानाच्या आवाजांकडेच वळले.

म्हणजे सिंथ हा त्या रानात उशिरा आलेला पाहुणा. त्याने रिकामी जागा बघून बसावं. तुमचा पॅड १०० ते ८००० हर्ट्झपर्यंत पसरलाय, म्हणून तो बेडकांवरही बसतो आणि रातकिड्यांवरही. फिल्टरचा कटऑफ (ज्याच्यावरचे सूर तो कापतो ती मर्यादा) ८००-९०० च्या आसपास आणा, रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) शेपटीतले वरचे सूर कापा, आणि पाटाचा आवाज जिथे दाट आहे तिथे पॅडचा तळ हलका करा. एवढं केलंत तरी निम्मी गिचमिड जाईल.

आता सुराचं. ४७०० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ पाश्चात्त्य पद्धतीतला डी हा सूर. चार सप्तकं खाली उतरलात की साधारण २९४ हर्ट्झ, तोही डीच. मी त्या रात्रीच्या तुकड्यात पॅडचा षड्ज तिथेच ठेवला, आधी तंबोरा लावून घ्यावा तसा, आणि मग बाकीचं रचलं. रातकिडे आणि सिंथ एकाच मैफलीत बसल्यासारखे वाटायला लागले. तुमच्या रेकॉर्डिंगमधला पट्टा वेगळ्या जागी असेल, तो मोजून घ्या. आणि एलएफओ (सिंथचा आवाज संथपणे हलता ठेवणारा भाग) टेम्पोला बांधू नका. हवा गार होत जाते तसे रातकिडे मंदावतात, म्हणजे रात्री नऊची लय पहाटे तीनला उरत नाही. सिंथही तसाच सैल सोडा.

दुसरी वाट अशी: रेकॉर्डिंगलाच वाद्य करा. ९६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेऊन) मुद्रण करून वेग एक चतुर्थांश केला की आवाज दोन सप्तकं खाली येतो, ४७०० चा किडा ११७५ वर गातो, आणि त्याच्या एकेका किरकिरीच्या आतली नक्षी ऐकू येते. ४८ वर केलेल्या मुद्रणाचा वेग उतरवला तर वरचा भाग लवकर बोथट होतो.

रेकॉर्डिंगबद्दलही सांगायलाच हवं. कुळागरात शिरलात की बेडूक गप्प होतात. मी वीस मिनिटं टॉर्च बंद करून उभा असतो, मगच रेकॉर्डचं बटण. आधी एक लांबून बोलतो, मग पाटाच्या कडेचा, आणि मग एकदम सगळे. त्या गप्प बसलेल्या वीस मिनिटांचं मुद्रण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल तर ते सुरुवातीला वापरू नका.

आपल्याकडची दमट हवा कंडेन्सर माइकला खाते. एका जुलैत माझ्या तीन रात्रींच्या मुद्रणात बारीक चटचट आली. ते पानांवरचे थेंब समजून मी खुशीत होतो. पाऊस थांबल्यावरही चटचट चालूच राहिली, तेव्हा कळलं की माइकच्या आत ओल गेलीय. तिन्ही रात्री वाया गेल्या. तेव्हापासून माइक हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

सत्तरीत किंवा सांग्यात पहाटे गेलात तर शीळकरी कस्तूर हा पक्षी मिळेल. माणूस शीळ घालतोय असंच वाटतं. त्याच्यासोबत सिंथ शक्यतो गप्प ठेवा. त्याला जवळ बोलवायला मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका, विणीच्या दिवसांत पाखरू विनाकारण दमतं. म्हादई, मोले, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याची परवानगी आधी घ्या. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांधलेल्या शेतजमिनीतल्या) मानशीवर, म्हणजे पाण्याच्या लाकडी दारावर, भरती-ओहोटी पालटताना फळ्यांच्या फटींतून पाणी घुसतं, तो आवाज पॅडचा तळ म्हणून इतका चालतो की तिथे सिंथ लागतच नाही.

पहाटेच्या मुद्रणात पोदेराचा (सायकलवरून पाव विकणाऱ्याचा) पोंपों आला तर कापू नका. तोही त्या जागेचाच आवाज आहे.

तुमची मूळ फाइल, पॅडशिवायची, इथे टाका. पट्टे कुठे आहेत ते बघून कटऑफचे आकडे सांगतो.