हायरॉक्स डबल्स: स्टेशनचं काम अर्धं-अर्धं वाटू नका

तुम्ही लिहिलंय की तुमची पहिली हायरॉक्स (८ वेळा १ किलोमीटर पळायचं आणि प्रत्येक किलोमीटरनंतर एक व्यायामाचं स्टेशन, अशी रेस) पुरुष डबल्समध्ये, म्हणजे दोघांच्या टीममध्ये, १ तास २४ मिनिटांत झाली, तुमचं पळणं बरं आहे, पार्टनर ताकदीला भारी पण पळताना मागे पडतो, स्टेशन्स सगळी निम्मी-निम्मी केली आणि आता १० मिनिटं कमी करायची आहेत. १० एका दमात जरा जास्त वाटतात मला, पण ६-७ तरी नक्की निघतील, आणि त्यातली बरीचशी जिममध्ये वजन न वाढवता निघतील.

मी तुमच्या जागी असतो तर आधी ते निम्मं-निम्मं बंद केलं असतं. डबल्समध्ये स्टेशनचं काम कसंही वाटून घेता येतं, एकाने ९० टक्के केलं तरी कोणी विचारत नाही, पण पळणं मात्र वाटून घेता येत नाही, ८ च्या ८ किलोमीटर दोघांनी आणि तेही सोबत पळायचे असतात. म्हणजे टीमचा पेस हा कायम मागे पडणाऱ्याचाच पेस. तुम्ही किलोमीटर ४:३० मिनिटांत मारू शकता याचा काडीचा उपयोग नाही, पार्टनर ५:३० ने येत असेल तर तुम्ही पण ५:३० नेच येताय आणि उरलेला दम तसाच घेऊन फिरताय. तो दम स्टेशनवर खर्च करा! पार्टनर ताकदवान आहे म्हणून त्याच्यावर जास्त स्टेशन्स टाकायचा मोह होतो, बहुतेक टीम हेच करतात, आणि मग तो धापा टाकत स्टेशनवरून निघतो आणि पुढचा किलोमीटर ६ मिनिटांवर जातो. स्टेशनवर वाचवलेले १५ सेकंद पळताना ३० सेकंदांनी परत जातात.

त्यामुळे वाटणीचा माझा नियम असा, जिथे वजन खरंच अडवतं तिथे ताकदवाल्याने जास्त करायचं, म्हणजे दोन्ही स्लेड (वजन लादलेली घसरगाडी ढकलणं आणि ओढणं), आणि जिथे नुसता दम लागतो तिथे पळणाऱ्याने, म्हणजे स्की अर्ग (स्कीइंगसारखे दांडे खाली ओढायचं मशीन), रोइंग मशीन, बर्पी ब्रॉड जंप (जमिनीवर छाती टेकवून उठायचं आणि पुढे लांब उडी मारायची). आणि यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे स्टेशनचा शेवटचा तुकडा कोण करतो. तो शक्यतो तुम्हीच करा, म्हणजे तुम्ही काम संपवत असताना पार्टनरला २०-३० सेकंद श्वास खाली आणायला मिळतात आणि पळायला तो ताजा निघतो. एवढा एक बदल करून बघा, फरक पुढच्याच किलोमीटरला दिसेल.

आता अदलाबदलीचं. प्रत्येक बदलाला वेळ लागतो पण सगळीकडे सारखा नाही, त्यामुळे "दर अमुक मीटरला बदलायचं" असा एकच हिशोब सगळीकडे लावू नका. रोइंगला सगळ्यात महाग, पट्ट्यातून पाय काढा, उठा, दुसऱ्याने बसा, पट्टे आवळा, सराव असला तरी ६-८ सेकंद जातातच आणि तेवढ्यात चाक पण मंदावतं. १००० मीटर २:०० च्या स्प्लिटने (म्हणजे दर ५०० मीटरला २ मिनिटं) एकट्याने मारले तर ४ मिनिटं, मध्ये एकदा बदलून दोघांनी १:५० ने मारले तर ३:४० अधिक बदल, म्हणजे फायदा १२-१४ सेकंद. तीन वेळा बदललात तर तो फायदा जवळपास सगळाच खाऊन टाकाल. म्हणून रोइंगला एकच बदल, पहिला तुकडा पार्टनरचा, दुसरा आणि मोठा तुमचा. स्की अर्गला उलट, तिथे दांडे सोडून बाजूला व्हायचं एवढंच, त्यामुळे १५०-२०० मीटरचे तुकडे आरामात चालतात. बर्पी ब्रॉड जंपला तर बदल जवळजवळ फुकट, एक जिथे उतरला तिथून दुसरा सुरू, ५-६ उड्यांनंतर बदलत राहा, ८० मीटर कधी संपले कळत नाही. फार्मर्स कॅरीबद्दल (दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं) फार काही नाही, पकड सुटायच्या आधी द्या, बास.

स्लेड पुशला मात्र डोकं लावा. ५० मीटर म्हणजे १२.५ मीटरच्या चार फेऱ्या, वजन स्लेड धरून १५२ किलो, आणि खरा त्रास ढकलत राहण्यात नाही, थांबलेली स्लेड परत हलवण्यात आहे. म्हणून बदल लेनच्या टोकाला करा, तिथे तशीही ती थांबतेच. पण मध्येच पाय अडकले तर हट्टाने तिथे खेटून उभं राहू नका, ओरडा आणि लगेच बदला, कारण अशा वेळी एकटा धडपडत असेल तर १० सेकंद कुठे गेले समजत नाही आणि मांड्या जळतात त्या पुढचा अख्खा किलोमीटर जळतात. पुशनंतरचे पहिले २०० मीटर मुद्दाम हळू घ्या. पाय शिशाचे झालेले असतात, ते आपोआप सुटतात, जोर लावून नाही सुटत.

लंजेसला (खांद्यावर वाळूची बॅग घेऊन गुडघा टेकवत पुढे जायचं) बॅग खाली टेकवायची नाही, खांद्यावरून खांद्यावर द्यायची, याचा सराव केल्याशिवाय जाऊ नका, दमलेल्या हातांनी २० किलोची बॅग देणं दिसतं तेवढं सोपं नाही. वॉल बॉलला (स्क्वॉट मारून बॉल वरच्या टार्गेटवर फेकायचा) १०० फेका आहेत, १०-१२ चे सेट ठेवा आणि कितीही बरं वाटलं तरी पहिल्या सेटला २५ मारायला जाऊ नका. नो-रेप, म्हणजे नीट न झाल्याने न मोजलेली फेक, हा इथला सगळ्यात मोठा चोर, दमल्यावर स्क्वॉट अर्धवट राहतो, म्हणून थोडे कमी मारा पण पूर्ण खाली बसून.

रॉक्सझोनबद्दल, म्हणजे पळायचा ट्रॅक आणि स्टेशन्स यांच्या मधल्या जागेबद्दल, कोणी बोलत नाही. तुमच्या रिझल्टमध्ये त्याचा वेळ वेगळा दिलेला असतो, तो उघडून बघा आधी. आठ स्टेशनला येता-जाता प्रत्येकी १५ सेकंद चालण्यात घालवले तर २ मिनिटं झाली, आणि ती वाचवायला फिटनेस पण लागत नाही! कोण सुरू करणार हे आत शिरायच्या आधीच ठरलेलं पाहिजे, स्टेशनवर उभं राहून "तू घे, मी घेतो" करायचं नाही. लॅप मोजायचं काम एकाकडेच द्या, दोघांनी मोजलं की हमखास वाद होतो, आणि लॅप कमी पडला तर पेनल्टी बसते. नियमपुस्तिका प्रत्येक सीझनला नवीन वाचा, बारीकसारीक बदलत असतं.

ट्रेनिंगचं म्हणाल तर पार्टनरला आठवड्यात तीनदा पळवा, एक लांब निवांत, एक ४-५ वेळा १ किलोमीटर त्याच्या १० किलोमीटर रेसच्या पेसने मध्ये २ मिनिटं आराम देऊन, आणि एक तुमच्यासोबत. सोबतचं सेशन असं, १ किलोमीटर रेस पेसने, लगेच एक स्टेशन रेसमधल्यासारखं वाटून, लगेच परत १ किलोमीटर, अशा चार फेऱ्या. किलोमीटर-किलोमीटरचा वेळ लिहून ठेवा. चौथा पहिल्यापेक्षा १५ सेकंदांपेक्षा जास्त मागे पडला तर पेस चुकलाय किंवा वाटणी चुकलीये. आधी वाटणी बदलून बघा, पार्टनरचं काम अजून कमी करा, आणि तरीही पडत असेल तरच पेस कमी करा. त्याच्या ईगोला जरा लागेल, ताकदवान माणसाला बाजूला उभं राहून बघायला सांगणं अवघडच असतं, पण हे बोलणं रेसच्या आधी उरकून घ्या. तुमचे स्प्लिट्स (प्रत्येक किलोमीटरचा आणि स्टेशनचा वेगळा वेळ) टाका इथे, विशेषतः स्लेडनंतरचे दोन किलोमीटर, मग नेमकं कुठे कापायचं ते सांगता येईल.