पॉवर क्वेरीमध्ये एकाच ‘इफ’ अटीखाली दोन-तीन कृती कशा कराव्यात?

एक्सेलमधील पॉवर क्वेरी या माहिती आणण्या-घडवण्याच्या साधनाबद्दल आपला प्रश्न असा आहे की, ‘प्रकार’ या कॉलममध्ये ‘परत’ असेल तर नग उणे करायचे, रक्कम उणे करायची आणि शेरा बदलायचा. तसे नसेल तर ओळीला हातच लावायचा नाही. ‘देन’नंतर दोन कृती ‘अँड’ने जोडून पाहिल्या तर एरर आली, असेही आपण लिहिले आहे.

एरर येणारच. पॉवर क्वेरीच्या एम भाषेत ‘अँड’ फक्त खरे-खोटे जोडतो. त्याच्या हाती बारा नग दिले तर या संख्येचे लॉजिकलमध्ये, म्हणजे खरे-खोटे या प्रकारात, रूपांतर होत नाही, अशीच तक्रार तो करणार. पण मूळ अडचण ‘कृती’ या शब्दात आहे. मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून कामे करून घेणारे आदेश, लिहून हात बसलेल्या माणसाला ‘इफ’ म्हणजे रस्त्याचा फाटा वाटतो: या वाटेने जा आणि जाताना चार कामे उरकून घे. एममधील ‘इफ’ कामे उरकत नाही, तो एक मूल्य परत देतो, आणि म्हणूनच तेथे ‘एल्स’ लिहिणे सक्तीचे आहे. अट खोटी ठरली तरी काही ना काही मूल्य हाती यावेच लागते.

हे मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे, कारण याच मुद्द्यावरून पूर्वीच्या नोकरीत माझा वाद झाला होता आणि तो आजही माझ्या मनातून गेलेला नाही. तेथे मासिक विक्रीचा अहवाल पॉवर क्वेरीतून निघत असे आणि वरिष्ठांचा दंडक होता की, एका कॉलमसाठी एक स्वतंत्र अट लिहायची. त्यामुळे ‘प्रकार परत आहे का’ ही एकच अट नग, रक्कम आणि शेरा अशा तीन कॉलमांत तीनदा लिहिलेली होती. अट एकदाच लिहून तिन्ही मूल्ये एका रेकॉर्डमध्ये, म्हणजे नावे दिलेल्या मूल्यांच्या एका गठ्ठ्यात, परत द्यावीत, असे मी सुचवले होते. त्यावर मला सांगण्यात आले की, कॉलममध्ये नुसते ‘रेकॉर्ड’ असे दिसते, त्यात काय दडले आहे ते नव्या माणसाला कळणार नाही.

पुढे ‘बदली’ हा नवा प्रकार आला. अटीत ‘ऑर’ घालून तो जोडायचा होता. तो नग आणि शेरा या दोन कॉलमांत जोडला गेला आणि रकमेत राहून गेला. रिफ्रेश विनातक्रार पूर्ण झाला, एकही एरर दिसली नाही. गोदामाचे नग जुळत होते, हिशेब विभागाची रक्कम मात्र जुळत नव्हती. आम्ही दोन दिवस शोध घेतला. आधी दुबार ओळींवर संशय घेतला, मग मर्जवर (दोन टेबले जोडण्याच्या पायरीवर), मग स्रोताच्या फाइलवर. शेवटी नगांच्या कॉलमवर चढता क्रम लावला तेव्हा सर्वांत वरच्या ओळींपैकी एक डोळ्यांत भरली: नग उणे 12, शेरा ‘बदली’, आणि शेजारची रक्कम अधिक. बदल करणाऱ्याने निष्काळजीपणा केला, असा ठपका ठेवण्यात आला. मला तो तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. एकच अट तीन ठिकाणी लिहायला लावली की त्यांतील एखादी कधीतरी मागे राहतेच.

म्हणून आपण ‘टेबल.ऍडकॉलम’ या फंक्शनने एकच नवा कॉलम घ्यावा आणि त्यात ‘इफ’ एकदाच लिहावा. ‘देन’मध्ये चौकटी कंसात नवे नग, नवी रक्कम आणि नवा शेरा यांचा रेकॉर्ड द्यावा, ‘एल्स’मध्ये त्याच तीन नावांनी जुनी मूल्ये जशीच्या तशी द्यावीत; ‘काहीच करायचे नाही’ हे एममध्ये असेच लिहितात. नंतर ‘टेबल.एक्स्पांडरेकॉर्डकॉलम’ने तो वेगवेगळ्या कॉलमांत उलगडावा. उलगडताना नावे वेगळी ठेवावीत, कारण त्या नावाचा कॉलम टेबलमध्ये आधीच असेल तर एरर येते. जुने कॉलम काढून मग नावे बदलता येतात.

मधली आकडेमोड मोठी असेल तर त्या शाखेतच ‘लेट’ (मधल्या पायऱ्या) आणि ‘इन’ (शेवटी परत द्यायचे मूल्य) लिहिता येतात. येथे बहुतेक जण एकदा तरी फसतात: ‘लेट’मध्ये तीन ओळी लिहितात आणि ‘इन’पुढे फक्त शेवटचीच देतात. एम आळशी पद्धतीने मूल्ये काढते, म्हणजे ज्या ओळीचा ‘इन’पर्यंत उपयोग होत नाही ती चालतच नाही. म्हणून ‘इन’पुढे तिन्ही मूल्यांचा रेकॉर्डच ठेवावा.

दोन-तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या. उलगडलेल्या कॉलमांना टाइप (संख्या की मजकूर) राहत नाही, तो पुन्हा द्यावा लागतो. अक्षरांची तुलना काटेकोर असते, त्यामुळे ‘परत’नंतर एक रिकामी जागा असली तरी अट लागत नाही, आधी ‘टेक्स्ट.ट्रिम’ने कडेच्या रिकाम्या जागा काढून घ्याव्यात. नगांवर ‘शून्यापेक्षा कमी’ अशी अट असेल आणि नग नल, म्हणजे रिकामे, असतील, तर तुलनेचे उत्तरही नल येते आणि ‘इफ’ तेथेच एरर देतो.

स्रोत डेटाबेस असेल तर मात्र रेकॉर्डच्या पायरीवर क्वेरी फोल्डिंग, म्हणजे पायऱ्या डेटाबेसकडूनच करून घेण्याची सोय, बहुधा तुटते आणि सारा भार आपल्या संगणकावर येतो. तेथे अटीचा खरे-खोटे असा एकच कॉलम आधी काढावा आणि नग, रक्कम, शेरा हे तिन्ही कॉलम त्याच्याकडे पाहून भरावेत. कॉलम स्वतंत्र हवेत हा वरिष्ठांचा हट्ट तेवढ्यापुरता मान्य करता येईल, पण त्यातही अट एकाच ठिकाणी लिहिलेली असते, आणि माझे म्हणणे तेवढेच होते.